घरचा म्हटलेला माणूस

धुळ्यातील एका वसतिगृहात गेल्या वर्षी आम्ही मुलांना 'द ब्लाइंड साइड' हा अमेरिकन चित्रपट दाखवला. मुले साक्री, शिरपूर, चोपडा, पारोळा या तालुक्यांतली. बहुतेकांचे आईबाप मजुरी करणारे. चित्रपट एका काळ्या फुटबॉल खेळाडूच्या खऱ्या आयुष्यावर आहे, एवढेच त्यांना सांगितले होते. पाऊण तास झाल्यावर मागून एकाने विचारले, "सर, त्याना हातमा चेंडू कव्हय येई?" सगळे हसले. मला मात्र चटकन उत्तर देता आले नाही. खरे उत्तर असे होते की चेंडू त्याच्या हाती येणारच नाही. त्या खेळात त्याचे काम चेंडू घेण्याचे नाही.

अमेरिकन फुटबॉल आपल्याकडच्या फुटबॉलहून वेगळा. चेंडू लांबट, आणि तो बहुतेक वेळ हातातच असतो. अकरा-अकरा जण समोरासमोर उभे राहतात. चढाई करणाऱ्या संघाची पुढची फळी पाच जणांची: मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, त्यांच्या पलीकडे टॅकल. सेंटर आपल्या दोन्ही पायांमधून चेंडू मागच्या क्वार्टरबॅकच्या हाती देतो आणि तिथे त्याचा चेंडूशी संबंध संपतो. इतर चौघांचा तो सुरूही होत नाही. पुढे फेकलेला चेंडू या पाच जणांनी झेलणे, एरवीच्या खेळात, नियमाबाहेर आहे. त्यांचे काम एकच. समोरून अंगावर येणाऱ्या माणसाला आपल्या अंगाने अडवायचे, म्हणजे मागचा चेंडूवाला तीनचार सेकंद उभा राहू शकेल. क्वार्टरबॅक उजव्या हाताने फेकणारा असला तर डावीकडून पाठीमागून येणारा हल्ला त्याला दिसत नाही. ती आंधळी बाजू सांभाळतो तो डावा टॅकल. १८ नोव्हेंबर १९८५ च्या सामन्यात लॉरेन्स टेलर या हल्लेखोराने जो थाइसमन या क्वार्टरबॅकला खाली आणले, त्याचा पाय मोडला आणि त्याची कारकीर्द तिथेच संपली. त्यानंतरच्या काळात या राखणदाराची किंमत वाढत गेली. मायकेल लुइस यांचे २००६ चे पुस्तक आणि त्यावरचा २००९ चा हा चित्रपट, दोन्ही याच प्रसंगापासून सुरू होतात.

पळणाऱ्याची धाव यार्डात मोजतात, फेकणाऱ्याची फेक मोजतात. राखणदाराच्या नावावर यातले काही लागत नाही. त्याचे नाव ध्वनिक्षेपकावर ऐकू येते ते बहुधा त्याने नियम मोडला म्हणून, किंवा त्याच्या हातून माणूस निसटला आणि मागचा पडला म्हणून. त्याने साठ वेळा अडवले हे कोणी सांगत नाही. एकसष्टाव्या वेळी चुकले की सगळा देश पाहतो. श्रमाची ही जात आपल्याला अनोळखी नाही.

चित्रपटाचा नायक मायकेल ओहर. जन्म २८ मे १९८६, मेम्फिस शहरातला. आई व्यसनाच्या फेऱ्यात, मुले बारा, बाप तुरुंगात जाऊन-येऊन. सरकारी व्यवस्थेने त्याला वेगवेगळ्या घरांत ठेवले. तो पळून जाई. पुढे एका खाजगी ख्रिस्ती शाळेत प्रवेश मिळाला, आणि तेथे टुई नावाच्या श्रीमंत गोऱ्या कुटुंबाने त्याला घरात घेतले. मिसिसिपी विद्यापीठातून २००९ साली बाल्टिमोर रेव्हन्स संघाने त्याला पहिल्याच फेरीत, २३ व्या क्रमांकावर उचलले. पहिल्या वर्षी तो सोळाच्या सोळा सामने सुरुवातीपासून खेळला. फेब्रुवारी २०१३ मध्ये त्या संघाने सॅन फ्रान्सिस्कोचा ३४-३१ असा पराभव करून सुपर बाऊल जिंकला. मग एक वर्ष टेनेसीत, नंतर कॅरोलायना पँथर्समध्ये. (दलित पँथरच्या वाचकांनी हुरळून जाऊ नये, हे नाव मालकाच्या संघाचे आहे.) २०१५ च्या मोसमात कॅम न्यूटन या काळ्या क्वार्टरबॅकची डावी बाजू ओहरने राखली, न्यूटन त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि संघ पुन्हा सुपर बाऊलला पोचला, तेथे हरला. २०१६ मध्ये डोक्याला मार बसला. २०१७ च्या जुलैत संघाने त्याला मोकळे केले. आठ मोसम, सुरुवातीपासून खेळलेले ११० सामने. राखणदाराच्या हिशेबात ही उत्तम कारकीर्द आहे.

चित्रपटात यातले जवळजवळ काही नाही. तो संपतो तिथे ही कारकीर्द सुरू होते. आणि त्यात समीक्षेचा पहिला मुद्दा आहे. चित्रपटाचा विषय ओहर दिसतो, पण कथा त्याला घरात घेणाऱ्या बाईची आहे. ती निर्णय घेते, ती बोलते, ती बदलते, आणि ऑस्करही तिची भूमिका करणाऱ्या सँड्रा बुलक यांना मिळाले. ओहर उभा असतो. थोडे बोलतो. बाई सरावाच्या मैदानात शिरून त्याला समजावते की संघ म्हणजे तुझे कुटुंब, त्याला राख. आणि त्या क्षणी त्याला खेळ कळतो. घरातला लहान मुलगा टेबलावरच्या सॉसच्या बाटल्या मांडून त्याला डावपेच शिकवतो. २०११ च्या आपल्या पुस्तकात ओहरने यालाच हरकत घेतली. हा खेळ आपण लहानपणापासून अभ्यासत होतो. पडद्यावर आपल्याला मंदबुद्धी दाखवले, असे त्याचे म्हणणे. २०१५ साली तर त्याने पत्रकारांना सांगितले की या चित्रपटामुळे लोक आपल्या खेळाकडे खेळ म्हणून पाहतच नाहीत. ज्या चित्रपटाने त्याला जगभर नाव दिले त्यानेच त्याची व्यावसायिक पत खाल्ली, अशी ही गोष्ट.

प्रामाणिकपणे सांगायचे तर चित्रपट वाईट काढलेला नाही. आमची मुले रडली. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा पलंग मिळालेला तो धिप्पाड मुलगा पाहून मलाही गलबलून आले. ज्याच्या घरात पाच माणसे एका वाकळेवर निजतात त्याला त्या पलंगाचा अर्थ कोणी समजावून द्यावा लागत नाही. आणि टुई कुटुंबाने त्याला जेवू घातले, शिकवणी लावली, हेही खोटे नाही. दया खोटी आहे असे म्हणून ही कथा मोडत नाही. आपल्या खानदेशातच पाहा. अमळनेरला पूर्वी शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी १९४७ साली पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना उघडावे म्हणून प्राणांतिक उपोषण केले. त्यांच्या कळवळ्यावर शंका घेण्याचे मला कारण दिसत नाही. पण त्याच्या वीस वर्षे आधी महाडला आणि सतरा वर्षे आधी काळाराम मंदिरासमोर जी माणसे स्वतः उभी राहिली, मार खाल्ला, त्यांच्या कथेहून ही कथा वेगळी असते. एकीत दुसऱ्याचे दार उघडावे म्हणून कोणी तिसरा उपाशी राहतो. दुसरीत ज्याला आत जायचे आहे तोच बोलतो. प्रस्थापित वाङ्मयाला पहिली कथा फार आवडते.

उद्धारकथेत एक शब्द नेहमी येतो: घरचा. 'आम्ही त्याला घरचाच समजतो.' खानदेशात हा शब्द सालदाराला जितका ऐकावा लागतो तितका घरच्या मुलालाही लागत नाही. आखाजीला साल ठरते. उचल मिळते, धान्य ठरते, कपड्याचा जोड ठरतो. नंतर वर्षभर वेळेचा हिशेब नाही. रात्री पाणी द्यायला जा, पहाटे बैल सोड. कोणी विचारलेच तर मालक सांगतो, तो काय परका आहे? घरचा आहे. आणि घरच्या माणसाने मजुरीचा हिशेब मागायचा नसतो. त्याच मालकाच्या घरच्या वाटणीत मात्र सालदाराचे नाव निघत नाही. शब्द नात्याचा, व्यवहार सालाचा. वसतिगृहातल्या निम्म्या मुलांना हे मी शिकवण्याची गरज नव्हती.

टुई कुटुंबाच्या बाबतीत हाच शब्द शेवटी न्यायालयात गेला. चित्रपटाने आणि पुस्तकाने जगाला सांगितले होते की या कुटुंबाने ओहरला आपला मुलगा केले. १४ ऑगस्ट २०२३ रोजी ओहरने टेनेसी राज्यातल्या शेल्बी परगण्याच्या न्यायालयात अर्ज केला: मला दत्तक घेतलेच नव्हते. २००४ साली, मी अठरा वर्षांचा झाल्यावर, माझी ज्या कागदावर सही घेतली तो कॉन्झर्व्हेटरशिपचा होता. ज्या प्रौढ माणसाला आपला व्यवहार स्वतः पाहता येत नाही त्याच्यासाठी तिथला कायदा असा पालक नेमतो. दत्तकात मुलाला वारसाहक्क आणि नाते मिळते. यात उलट आहे: सज्ञान माणसाचा करार करण्याचा अधिकार दुसऱ्याच्या हाती जातो. चित्रपटाने जगभर तीस कोटी डॉलरहून अधिक गल्ला केला, त्यातले आपल्याला काही मिळाले नाही, असाही ओहरचा आरोप होता. टुई कुटुंबाने तो नाकारला. चित्रपटातून आलेले पैसे सर्वांनी सारखे वाटून घेतले, आणि तो कागद विद्यापीठीय खेळाच्या नियमांमुळे करावा लागला, असे त्यांचे उत्तर. पैशाचा निवाडा न्यायालयाचा विषय आहे. पण २९ सप्टेंबर २०२३ रोजी न्यायाधीशांनी ते पालकत्व रद्द केले, आणि शरीराने-मनाने धडधाकट माणसावर असा कागद झालेला आपण कधी पाहिला नाही असेही म्हटले. सुपर बाऊल जिंकणारा, कोट्यवधी डॉलरचे करार करणारा हा माणूस एकोणीस वर्षे एका कागदावर स्वतःचा मुखत्यार नव्हता.

लुइस यांच्या पुस्तकाबद्दल आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. लेखक आणि कुटुंबप्रमुख शॉन टुई हे शाळासोबती. त्यामुळे पुस्तक अप्रामाणिक ठरत नाही. खेळाच्या अर्थकारणाचा त्यातला भाग तर उत्कृष्ट आहे. पण लेखक कोणाच्या ओसरीवर बसून लिहितो आहे हे वाचकाला माहीत असावे. गावाचा इतिहास पाटलाच्या ओसरीवरून लिहिला तर महारवाडा त्यात लांबून दिसतो, आणि नेहमी संध्याकाळी, चुलीचा धूर निघताना.

चित्रपटात शाळेतल्या एका चाचणीचा उल्लेख आहे. मुलाची बौद्धिक प्रगती अगदी खाली, पण 'राखण करण्याच्या उपजत प्रवृत्ती'त तो शेकडा ९८ जणांच्या वर. ऐकून प्रेक्षक सुखावतो: म्हणजे हा राखणदार जन्मानेच आहे! आम्ही दलित वाचकांनी येथे थबकले पाहिजे. गावच्या वेशीवर रात्रभर जागणारा वेसकर महारच का, याला हेच उत्तर दिले जाई. इमान त्यांच्या रक्तातच आहे म्हणत. ज्याच्या राखणीवर गाव निजते त्याने गावच्या विहिरीला हात लावायचा नाही. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध बिल आणले तेव्हा त्यांचा हल्ला नेमका या 'रक्तातल्या इमाना'वर होता. वतन हा मान नसून बिनहिशेबी राबणूक आहे, हे त्यांनी आकडे मांडून दाखवले. उपजत प्रवृत्ती ही नेहमी खालच्याचीच शोधली जाते. मालकाची उपजत प्रवृत्ती कोणती, याची चाचणी कुठल्या शाळेत झाल्याचे ऐकिवात नाही.

ही तुलना ओढून ताणून केलेली आहे असे कोणी म्हणेल. ओहर कोट्यधीश झाला, वेसकर भाकर मागत फिरला. अमेरिकन खेळाडूंची युनियन आहे, कायदा आहे. हे सगळे खरे. तरी मेंदू आणि शरीर यांची वाटणी कशी होते ते पाहा. त्या खेळात कित्येक दशके क्वार्टरबॅक आणि सेंटर या 'डोके लागणाऱ्या' जागा गोऱ्यांसाठी राखीव असल्यासारख्या होत्या. सुपर बाऊलमध्ये सुरुवातीपासून खेळणारा पहिला काळा क्वार्टरबॅक, डग विल्यम्स, यायला जानेवारी १९८८ उजाडला. पुढे डोक्याला बसणाऱ्या माराचा प्रश्न आला. पिट्सबर्गचा सेंटर माइक वेब्स्टर चार सुपर बाऊल जिंकून अखेर आपल्या गाडीत झोपण्याच्या दशेला आला आणि २००२ साली पन्नासाव्या वर्षी मेला. डॉ. बेनेट ओमालू या नायजेरियन डॉक्टरने त्याच्या मेंदूत सततच्या आघातांनी होणारा रोग शोधून काढला. वेब्स्टर गोरा होता. हा रोग रंग पाहत नाही. भरपाई मात्र रंग पाहत होती. खेळाडूंना नुकसानभरपाई देण्याच्या योजनेत बुद्धी किती घटली हे ठरवताना काळ्या खेळाडूची मूळची बुद्धीच कमी धरली जाई. मुळात कमी, म्हणून घट कमी, म्हणून पैसा कमी. दोन काळे माजी खेळाडू २०२० साली न्यायालयात गेले, बोभाटा झाला, आणि २०२१ मध्ये ही पद्धत सोडण्याचे लीगने कबूल केले. राखणीत ९८ आणि बुद्धीत मुळातच उणे! दोन्ही मोजमापे एकाच समाजाची, दोन्ही शास्त्राच्या नावाने केलेली.

महाराष्ट्राला अशा खेळाडूसाठी अमेरिकेपर्यंत जावे लागत नाही. बाळू पालवणकर, जन्म १८७६, धारवाडचा, जात चांभार. पुण्याच्या युरोपियनांच्या क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टी लाटणे, जाळी बांधणे हे काम. फावल्या वेळी साहेबांना सरावासाठी डाव्या हाताने चेंडू टाकायचे. ग्रेग हा तिथला नामांकित फलंदाज त्यांच्यावर शेकडो तास हात साफ करून घेई. पण त्या क्लबात बाळूंच्या हाती एकदाही बॅट दिली गेली नाही. फलंदाजी हे मोठ्यांचे काम, गोलंदाजी हे नोकरांचे. आमच्या शिरपूरच्या मुलाचा प्रश्न इथे फक्त उलटा करून विचारायचा. पुढे पुण्याच्या हिंदूंनी त्यांना संघात घेतले ते गोऱ्यांना हरवायचे म्हणून. मैदानात चेंडू तोच, सगळ्यांच्या हातातून फिरणारा. चहाच्या वेळी बाळूंचा चहा पॅव्हिलियनबाहेर, मातीच्या भांड्यात. चेंडू बाटत नव्हता, कप बाटत होता.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली गेलेल्या संघातून त्यांनी इंग्लंडच्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. तरुण भीमरावांना या गोलंदाजाचा अभिमान वाटत असे. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंना मिळाले नाही. १९२० साली तर त्यांना संघातूनच गाळले, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम हे त्यांचे भाऊ निषेध म्हणून बाहेर पडले. तिकडे ओहर एकटा होता. इकडे भाऊ होते, आणि त्यांनी जाहीर भांडण केले. १९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदूंचे कर्णधार झाले ते या भांडणानंतर, हे आपले क्रिकेटलेखक सांगायला विसरतात. त्यांच्या लेखनात ते सवर्णांच्या मोठ्या मनाचे फळ असते.

बाळूंच्या आयुष्याचा शेवटचा अंक आपल्याला अवघड जातो, म्हणून आपण तो टाळतो. तो टाळू नये. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. डिसेंबर १९३६ मध्ये आपल्या फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले, आणि दोनच महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत काँग्रेसने मुंबईत बाबासाहेबांच्या विरोधात बाळू पालवणकरांना उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. अंतर फार नव्हते. साठ वर्षांचा लोकप्रिय गोलंदाज कशासाठी उभा केला गेला? राज्य करण्यासाठी नव्हे. मागे चेंडू घेऊन उभ्या असलेल्याला वाट मोकळी व्हावी म्हणून पुढे एक भरभक्कम माणूस लागतो, आणि तो समोरच्याच वस्तीतला असला तर अधिक चांगला. बाळूंना फितूर म्हणणारे लोक मला मान्य नाहीत. ज्यांनी आयुष्यभर त्यांना पॅव्हिलियनबाहेर बसवले त्यांनी शेवटी आत बोलावले, घरचे म्हटले, आणि त्या शब्दाला ते भुलले असतील तर दोष त्या एकट्याचा नाही. पण ते भुलले हेही लिहून ठेवले पाहिजे. त्याच निवडणुकीत पूर्व खानदेशातून दौलतराव गुलाजी जाधव स्वतंत्र मजूर पक्षातर्फे निवडून आले. आणि जुलैअखेर बाबासाहेब एका दाव्यासाठी धुळ्याला आले. लळिंगच्या लांडोर बंगल्याची ती आठवण म्हणून ३१ जुलैला अजूनही लोक तिथे जमतात.

आता पुस्तकांविषयी. ओहरने दोन पुस्तके लिहिली, दुसरे २०२३ सालचे. लुइस यांच्या पुस्तकाशेजारी ती ठेवली की वाङ्मयीन डौलात ती कमी पडतात; पण कोण बोलते आहे हा प्रश्न डौलाने सुटत नाही. आपल्याकडे विठ्ठल पालवणकरांचे 'माझे क्रीडा-जीवन' १९४८ साली मराठीत प्रसिद्ध झाले. 'बलुतं' यायच्या तीस वर्षे आधी एका अस्पृश्य खेळाडूने स्वतःच्या आयुष्याबद्दल मराठीत पुस्तक लिहिले, आणि दलित आत्मकथनांचा इतिहास सांगताना आपण १९७८ पासून मोजायला सुरुवात करतो. का? खेळाचे पुस्तक म्हणून? त्यात वेदना पुरेशी दिसत नाही म्हणून? की खेळाडूने फक्त राखायचे, धावायचे, चेंडू टाकायचे, आणि लिहायचे दुसऱ्याने, हा समज आपल्याही मनात आहे? रामचंद्र गुहांनी २००२ साली इंग्रजीत लिहिले तेव्हा बाळू सुशिक्षितांना कळले, आणि गुहांना त्यासाठी ज्या मराठी पुस्तकाचा आधार घ्यावा लागला ते आमच्या विद्यार्थ्यांच्या हाती नाही.

चित्रपटानंतर आठवड्याने मी मुलांना न्यायालयाच्या निकालाची हकीकत सांगितली. तोच शिरपूरचा मुलगा म्हणाला, अठराव्या वर्षी सही घेतली तेव्हा कागद त्याला वाचून दाखवला होता का. त्याच्या वडिलांचे यंदाचे साल आखाजीला ठरले तेव्हा चिठ्ठी मालकाच्या मुलाने लिहिली होती. ती याने मागून घेतली आणि वडिलांना वाचून दाखवली. उचलीचा आकडा तोंडी ठरल्यापेक्षा दोन हजारांनी जास्त लिहिलेला होता.